आत्मकथन, ग्रामीण

पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी बदललेली होती. सकाळी दहाला वाचनालय उघडून सुकन्याने पंखे लावले, हजेरीच्या वहीत सही केली आणि सवयीने दाराजवळच्या कपाटाशी गेली, तर तिच्या हातची ‘रहस्यकथा’ ही चिठ्ठी कुणीतरी नखाने खरवडून काढलेली. कागदाचे पांढरे तुसे तसेच राहिलेले आणि त्यांच्यावर जराशी वाकडी बसवलेली नवी चिठ्ठी: ‘आत्मकथन, ग्रामीण’. पुस्तक तेच होते. ‘दीपगृहातला खून’, लेखिका रेश्मा गर्जे, पाथर्डी. वर निळा समुद्र, काळा खडक, पिवळा दिवा. आत एका बेटावरच्या दीपगृहाचा रखवालदार आतून कडी लावलेल्या खोलीत मेलेला सापडतो आणि सरोजिनी नावाची निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, जी माणसाला चेहऱ्यापेक्षा आवाजाने जास्त ओळखते, ती खुनी शोधून काढते. यात आत्मकथन कुठे होते? ग्रामीण काय होते, समुद्र? सुकन्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. राग आला की तिला तो आधी तिथे कळायचा, मग दातांत, आणि सगळ्यात शेवटी शब्दांत. तोवर समोरचा माणूस बहुधा निघून गेलेला असायचा.

भीमा वर्तमानपत्रे काठ्यांना अडकवत होता. तो वाचनालयाचा शिपाई, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, निवृत्तीला आलेला. “भीमा, हे कोणी केलं?” तिने पुस्तक त्याच्यासमोर धरले. त्याने न बघताच ओळखले. “आप्पासाहेबांनी सांगितलं, मॅडम. काल तुम्ही गेल्यावर. म्हनले, बाई ऊसतोडीची हाय, तिचं पुस्तक तिकडं पायजे.” “आणि तू लावलीस?” “लावली.” “आत काय आहे ते तरी बघायचं.” भीमाने वर्तमानपत्राची घडी हाताने दाबून नीट केली. “बघितलंय की. दोनदा वाचलं. लई भारी हाय. पार शेवटाला कळतंय कुनी मारला त्ये.” “मग?” “मग काय मॅडम. नोकरी हाय.” त्याच्या बोलण्यात लाज नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता. त्यामुळे तिला त्याच्यावर नीट चिडताही येईना.

हे कपाट तिचे होते. वाचनालयाच्या नोंदीत त्याला नाव नव्हते. तिनेच एका पुठ्ठ्यावर ‘नवे लेखक, नवी पुस्तके’ असे लिहून वर टांगले होते. बाकीची कपाटे पुण्यामुंबईच्या याद्यांवरून भरत. हे कपाट तिने रविवारी एसटीने फिरून भरले होते. तालुक्याच्या गावचे छापखाने, शाळेच्या वह्या विकणारी दुकाने, झेरॉक्सवाले, एखाद्या पतसंस्थेच्या कोपऱ्यात रचून ठेवलेले गठ्ठे. कोपरगावला तिला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका केमिस्टची परग्रहावरची कादंबरी मिळाली होती. त्या ग्रहावर पाऊस जमिनीतून वर जायचा आणि लोक छत्र्या उलट्या धरून चालायचे. नागापूरच्या एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या एकाने भुतांच्या गोष्टी लिहिल्या होत्या. त्याची भुते रात्रपाळीच्या कामगारांसारखीच, कंटाळलेली, पाठ धरलेली. भिंगारच्या एका निवृत्त हवालदाराच्या प्रेमकविता होत्या, सगळ्या बायकोवर, आणि सगळ्या हुकूम सोडल्यासारख्या. या पुस्तकांची शिवण सुटायची, वेलांट्या चुकायच्या, मुखपृष्ठे भडक असायची. पण पहिले पान उघडताना तिला जी धास्ती वाटायची, अनोळखी घराची कडी वाजवताना वाटते तशी, ती तिला गाजलेल्या पुस्तकात कधी वाटली नव्हती. हे चांगले आहे असे कोणी आधी सांगून ठेवलेले नसायचे. दहातली आठ पुस्तके वाईट निघत. उरलेल्या दोनांसाठी ती पुढच्या रविवारी परत स्टँडवर उभी राहायची.

रेश्माचे पुस्तक पाथर्डीला, लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात मिळाले होते. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पत्रिकेवरची वेलबुट्टी आणि मधोमध कलश. त्या कलशाखाली रखवालदाराचे प्रेत. परतीच्या गाडीत सुकन्याने ते उघडले ते करंजीचा घाट केव्हा गेला कळले नाही. माळीवाड्याच्या स्टँडवर सगळे उतरून गेले तरी ती वाचतच होती, आणि कंडक्टर म्हणाला, “बाई, डेपोत यायचंय का?” ती उतरली आणि खांबाला टेकून उरलेली बारा पाने उभ्यानेच वाचली. समोर टपरीवर कोणी भजी तळत होते, तेलाचा वास पुस्तकाला लागला. कितीतरी वर्षांनी तिला वाटले होते की आपल्याला कोणीतरी फसवले, आणि काय सुंदर फसवले.

तशी फसवणूक तिच्या वडिलांना आवडायची. ते भिंगारला लष्कराच्या भांडारात मुलकी नोकर होते. दिवसभर पट्टे, बूट आणि तंबूंच्या खुंट्या मोजायचे. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून वाचायचे, आणि त्यांची सगळी पुस्तके खाकी कागदाच्या वेष्टणात असायची. वेष्टणावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘स्तोत्रे, भाग पहिला’, ‘स्तोत्रे, भाग सातवा’. आत गुप्तहेर, विषाच्या बाटल्या, रेल्वेच्या डब्यात बदललेल्या पेट्या. एकदा साहेबांनी त्यांना असले काहीतरी वाचताना पकडून चारचौघांत त्यांची टिंगल केली होती, तेव्हापासून हे वेष्टण. ते गेले तेव्हा सुकन्या एकोणीस वर्षांची होती. दहाव्याला गल्लीतल्या भजनी मंडळाच्या प्रमुखांनी सांगितले की असा स्तोत्रांत रमलेला माणूस होणे नाही, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तिला ओरडावेसे वाटले होते की ते खुनांत रमले होते, विषांत रमले होते, ते खळखळून हसायचे शेवटच्या पानाला. ती ओरडली नाही. तिने मान हलवली. तिशी-पस्तिशीत केव्हातरी तिच्या लक्षात आले की तो राग तसाच आहे, जराही न विरलेला, घशाखाली अडकलेल्या गोळीसारखा. आता पुस्तकाच्या पाठीवरची ती वाकडी चिठ्ठी बघताना तो वर सरकला.

आप्पासाहेब साडेअकराला आले. ते वाचनालयाचे अध्यक्ष. शहरात त्यांच्या तीन संस्था होत्या आणि प्रत्येकीच्या भिंतीवर त्यांचा एकच हसरा फोटो. येत्या रविवारी ‘नवे लेखक, नवी पुस्तके’ याच नावाचा कार्यक्रम त्यांनी ठेवला होता. नाव तिच्या पुठ्ठ्यावरून उचललेले. “या सुकन्याबाई. फलक बघा,” त्यांनी मोबाईल पुढे केला. ‘उसाच्या फडातून साहित्याच्या फडात’, खाली वाचनालयाचे नाव, अहिल्यानगर, आणि मागे पेटलेल्या उसाचे चित्र. “आप्पासाहेब, ती रहस्यकथा आहे.” “हो हो, ठाऊक आहे.” “मग आत्मकथनात का टाकली?” ते हसले. ते कधी रागावत नसत, हीच त्यांची ताकद. “अहो, खुनाच्या गोष्टी लिहिणारे ढिगानं आहेत. हिची गोष्ट वेगळी आहे. लोकांना हिची कहाणी ऐकायचीय. बाई, आपण तिचं भलंच करतोय.” “तिनं जे लिहिलंय ते तुम्ही वाचलंय का?” त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला आणि चष्मा लावून, शब्द सावकाश चाखत वाचला. “‘ऊसतोड कामगार कुटुंबातील ही लेखिका केवळ जिद्दीच्या बळावर लिहिती झाली, म्हणून या पुस्तकाची खरेदी व्हावी.’ अक्षर ओळखीचं वाटतं का?”

अक्षर तिचेच होते. खरेदी समिती अनोळखी लेखकाची रहस्यकथा घेणार नाही हे तिला माहीत होते, म्हणून ती ओळ तिने लिहिली होती. दुपारी चहा पिताना, फार विचार न करता. सरोजिनीबद्दल एक अक्षर नाही, बंद खोलीबद्दल नाही, त्या शेवटच्या बारा पानांबद्दल नाही. ती बाहेर आली आणि पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून ग्लासमागून ग्लास पाणी प्यायली. आणि मग तिला तो फोन आठवला, जो आठवायचा नाही असे तिने ठरवले होते. छापखानेवाल्याने रेश्माचा नंबर देताना म्हटले होते, “ऊसतोडीच्या घरातली पोरगी हाय, बगा.” तिने लावला तेव्हा मागे शिवणयंत्राची खडखड चालू होती. आपण कोण ते सांगून झाल्यावर सुकन्याचा पहिला प्रश्न होता, “तुम्ही किती वर्षं ऊस तोडायला जात होता?” यंत्र थांबले. “दोन सीझन. लग्नाआधी. का?” “नाही, सहज.” “आता आठ वर्षं झाली, ब्लाऊज शिवती मी. मशीनवर बसल्या बसल्या मोबाईलवर खुनाच्या गोष्टी ऐकती. पुस्तक वाचलं का तुमी?” “वाचलं. फार आवडलं.” “बरं,” रेश्मा म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. ते ‘बरं’ सुकन्याला तेव्हा साधे वाटले होते. आता टाकीपाशी उभे राहून ते तिला पुन्हा ऐकू आले, आणि सरोजिनीसारखा कान असता तर तिला तेव्हाच कळले असते की त्या शब्दामागे एक बाई दार लावून घेत होती.

चार दिवस ती रागात राहिली. रिक्षावाल्यावर, दुधाच्या पिशवीच्या न फाटणाऱ्या कोपऱ्यावर, बहिणीच्या फोनवर. आप्पासाहेबांवरचा राग सोपा होता; तो तोंडात खडीसाखरेसारखा घोळवता यायचा. स्वतःवरचा तसा नव्हता. तो कपडे वाळत घालताना यायचा, कंगव्यातले केस काढताना यायचा. शुक्रवारी तिने ती वाकडी चिठ्ठी ओल्या फडक्याने काढली आणि ‘रहस्यकथा’ अशी नवी लावली. भीमाने पाहिले आणि तो वर्तमानपत्रांकडे वळला. रविवारी आपण काहीतरी करायचे, या वेळी मान हलवायची नाही, एवढे तिने ठरवले. काय करायचे ते ठरवले नाही. रेश्माला फोन करून विचारावे असे एकदाही तिच्या मनात आले नाही. हे तिला पुढे फार दिवस खुपत राहिले.

रेश्मा दुपारच्या गाडीने एकटीच आली. चौतिशीची, उंच, अंगावर मोरपंखी साडी आणि स्वतः शिवलेला ब्लाऊज, बाह्यांना अशी नाजूक किनार की सभागृहातल्या बायका वळून बघत होत्या. खांद्याला मोठी कापडी पिशवी, तिच्यात पुस्तकाच्या वीस प्रती. आप्पासाहेबांनी तिला नमस्कार केला, साडीकडे पाहिले आणि म्हणाले, “साधी नेसून आला असता तरी चाललं असतं हो.” “ही साधीच हाय,” रेश्मा म्हणाली. सभागृह भरले होते. एका संस्थेच्या मुली ओळीने आणून बसवल्या होत्या, पुढे कॅमेरा होता. आप्पासाहेब उसाच्या पाचटाच्या कोप्यांतल्या संसारावर बोलले, थंडीवर, बैलगाड्यांवर, आणि त्यांचा आवाज योग्य जागी जड झाला. मग त्यांनी खूण केली आणि भीमाने तबकातून कोयता आणला. कोयता कोरा होता, मुठीवर दुकानाची चिठ्ठी तशीच. “आता आपल्या ऊसतोड लेखिका एका हातात कोयता आणि एका हातात लेखणी घेऊन,” असे म्हणत त्यांनी तो तबकातून उचलला. रेश्मा उठून उभी राहिली होती. तिने हातही पुढे केला होता. सुकन्याने तो हात पाहिला, आणि तिला वाटले की तो जबरदस्तीने पुढे आला आहे, आणि त्याच क्षणी घशाखालची ती गोळी निसटली.

ती माईकपाशी केव्हा पोचली हे तिला आठवत नाही. आपला आवाज मात्र आठवतो, चिरका, भांडणाऱ्या बाईचा. “हे पुस्तक दीपगृहाबद्दल आहे. समुद्राबद्दल आहे. यात ऊस नाही, एक कांडकंसुद्धा नाही. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी वाचलंय? आप्पासाहेब, तुम्ही वाचलंय? खून कुणाचा होतो ते सांगा. नाव सांगा.” मागे कोणीतरी फिसकन हसले. “तुम्हाला पुस्तक नकोय, तुम्हाला तिच्या हाताचे घट्टे पाहिजेत! या बाईला दोनच सीझन...” तिथे तिचा आवाज फाटला. आप्पासाहेबांनी हलकेच येऊन तिच्या हातातून माईक घेतला. “आमच्या ग्रंथपाल फार हळव्या आहेत. पुस्तकांवर जीव आहे त्यांचा. टाळ्या होऊ द्या.” टाळ्या झाल्या. मुलींनी जास्त वाजवल्या. मग वेळेचे कारण निघाले, आभार झाले, चहाचे कप फिरले, कोयता तबकात परत गेला. रेश्माच्या पिशवीकडे कोणी गेले नाही. जाणार तर ती ग्रंथपाल मध्येच उभी, लाल झालेली. लोक तिला वळसा घालून निघून गेले.

“चला, स्टँडवर सोडते,” सुकन्या म्हणाली. रिक्षा नको म्हणून रेश्मा चालू लागली. दोघींच्या मध्ये वीस पुस्तकांची पिशवी. सुकन्याला अंग हलके वाटत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती वेळेवर चिडली होती. तिला वाटत होते रेश्मा काहीतरी बोलेल, निदान हात दाबेल. रेश्मा समोर बघत चालत राहिली, दिल्ली गेट मागे पडले. मग फुटपाथवर एकदम थांबली.

“तुमाला कुनी सांगितलं हुतं?”

“काय?”

“मधी पडायला. माझा कारेक्रम हुता त्यो.”

“अहो, ते तुमच्या हातात कोयता...”

“मंग? दोन मिन्टं धरला असता. कोयता काय मला चावतो व्हय? धरला असता, फोटू काढून झाला असता, मंग माईक माझ्याकडं आला असता. आप्पासाहेबांनी फोनवर तसं कबूल केलं हुतं. दहा मिन्टं म्हनले. आठ दिस पाठ करत हुते मी काय बोलायचं त्ये. मशीनवर, सैपाक करताना. त्यांनी कोयता दिला, तुमी माईक घेतला. मपलं बोलायचं कुनी बोलायचं?”

शेजारून एक हातगाडी गेली, केळ्यांची. “काय बोलणार होता तुम्ही?” सुकन्याने विचारले.

“आता न्हाई सांगायची,” रेश्मा म्हणाली. “लई राग आलाय मला. त्यांचा यायचाच हुता, तुमचा येईल असं वाटलं नव्हतं. घट्टे म्हनं. माझ्या हाताचे घट्टे काढले चारचौघांत. हे बगा हात. कात्रीचे हायेत हे.” तिने तळवा पुढे धरला. अंगठ्याच्या मुळाशी कडक, पिवळट चकती होती. सुकन्याला ती आधी दिसलीच नव्हती. तिने घट्टे म्हटले तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कोयताच होता, आप्पासाहेबांच्या डोळ्यांसमोर होता तोच, दुकानाच्या चिठ्ठीसकट.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. शब्द फार लहान वाटला, पण दुसरा नव्हता. रेश्माने मान उडवली आणि पिशवी दुसऱ्या खांद्याला घेतली. दोघी चालू लागल्या.

स्टँडवर पाथर्डीची गाडी लागलेली होती, ड्रायव्हर अजून चहाला गेलेला. रेश्माने खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरली आणि खालीच उभी राहिली. मग, सुकन्याकडे न बघताच, म्हणाली, “खरं सांगा. खुनी कवा वळखला तुमी?”

कोणी तिला आजवर हे विचारले नव्हते, आणि रेश्मालाही, सुकन्याच्या लक्षात आले, आजवर कोणी हे सांगितले नव्हते. फार आवडले म्हणणारे भेटले असतील. जिद्द म्हणणारे भेटले असतील. “शेवटून तिसऱ्या पानाला,” ती म्हणाली. “त्याच्या आधी मला डॉक्टरवर संशय होता.”

“डॉक्टरवर येनारच,” रेश्मा म्हणाली आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. “त्याला मी मुद्दाम तसा ठिवलाय. अजून?”

अजून एक गोष्ट होती. सुकन्याला ती पहिल्या वाचनातच, खांबाला टेकून वाचताना खटकली होती, आणि तिने ती गिळली होती. कोपरगावच्या केमिस्टला तिने दोन पानांचे पत्र लिहिले होते, उलट्या पावसात नद्या कशा टिकतात म्हणून; हवालदाराशी तर एका यमकावरून भांडली होती. रेश्माला मात्र तिने काही म्हटले नव्हते. एवढे लिहिले हेच पुष्कळ, असे तिला वाटले होते. एवढे लिहिले हेच पुष्कळ. चिठ्ठी तिने भीमाच्या आधीच लावली होती.

“अकराव्या प्रकरणात चूक आहे,” ती म्हणाली.

रेश्मा वळली. “कसली?”

“दीपगृहाचा दिवा विझतो, खोलीत अंधार होतो, आणि सरोजिनीला भिंतीवर सावली दिसते. दिवा गेल्यावर सावली कुठून आली?”

“मेनबत्ती हाय की तिच्याकडं.”

“मेणबत्ती नवव्यातच संपली. तुम्हीच लिहिलंय, ‘मेणाचा गोळा तेवढा उरला’.”

“मंग चांदनं आसंल.”

“अमावास्या आहे. पहिल्या पानावर.”

रेश्माचा चेहरा आधी लाल झाला, मग घट्ट. “न्हाई,” ती म्हणाली. “असं हुनार न्हाई. तीनदा तपासलंय मी. तुमी नीट वाचलं न्हाई.” ड्रायव्हर चढला, इंजिन थरथरले. “तुमी नीट वाचलंच न्हाई!” ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, फलाटावरची दोन माणसे वळून बघतील इतक्या मोठ्याने, आणि फणकाऱ्याने गाडीत चढली.

खिडकीत बसल्या बसल्या तिने पिशवीची गाठ सोडली. “कंचं प्रकरन म्हनला?” तिने वरून ओरडून विचारले.

“अकरावं. सावलीचं.”

गाडी मागे सरली, वळली. सुकन्याने हात वर केला. रेश्माने पाहिले नाही. पुस्तक खिडकीच्या उजेडात धरून ती ओळींवरून बोट फिरवत होती, कपाळाला आठ्या, ओठ हलणारे, संतापलेली; आणि गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली तरी तिने मान वर केली नाही.